जुईची चंदी आणि चार पावडरी

माझी कुमैत घोडी, जुई, खाण्याच्या बाबतीत मुळीच नाजूक नाही. सुकं गवत ती दिवसभर चघळते, रात्री चघळते, शेजारणीच्या गव्हाणीत मान घालून तिच्याही वाट्याचं चघळते. तिचं वाकडं आहे ते चंदीत, म्हणजे तिच्या दाण्याच्या खुराकात, मिसळलेल्या पावडरींशी. पूरकाची चिमूट पडलेली चंदी समोर आली की आधी ती हुंगते, मग वरचा ओठ दुमडून तोंड आभाळाकडे करते. बघणाऱ्याला वाटतं घोडी हसतेय. खरं तर त्या वेळी ती वास टाळूवरच्या एका खास गंधेंद्रियापर्यंत पोचवत असते. तपासणी पुरी झाली की घमेलं तिथेच सोडून पाण्याकडे वळते.

मुळात या पावडरी द्यायच्याच कशाला, हे मी पशुवैद्यांना सगळ्यात आधी विचारलं होतं. ताज्या हिरव्या गवतात ई जीवनसत्त्व भरपूर असतं, पण गवत कापून वाळवलं की ते झपाट्याने उतरतं. जुईला चरायला फार थोडं मिळतं, बाकी सगळी भिस्त सुक्या गवतावर. तिच्या रक्तात ई कमी निघालं. गवताचा नमुना प्रयोगशाळेत दिला तेव्हा त्यात तांबं आणि जस्त कमी, लोह मात्र गरजेच्या कितीतरी पट जास्त असं दिसलं. (घोड्यांसाठी 'रक्त वाढवणारी' लोहाची टॉनिकं एवढी का खपतात, हे मला तेव्हापासून कळेनासं झालंय.) शिवाय पुढच्या खुरांना उभ्या चिरा जात होत्या, नालबंद दर वेळी मान हलवायचा. म्हणून बायोटिन, खुरांसाठी दिलं जाणारं एक ब जीवनसत्त्व. ई, तांब्या-जस्ताचं मिश्रण आणि बायोटिन ही झाली तीन, आणि चौथं मीठ, जे गवतावरच्या बहुतेक सगळ्या घोड्यांना वरून द्यावंच लागतं.

प्रमाण ठरवायचं तर वजन हवं, आणि घोडा तोलायला काटा कुणाकडे असतो? त्यावर एक जुना हिशेब आहे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८७७ ने भागायचं. उत्तर किलोत येतं. जुईचा घेर १८२, लांबी १६२, म्हणजे साधारण ४५० किलो. एवढ्या वजनाच्या, फारसं कष्टाचं काम नसलेल्या घोड्याला दिवसाला सुमारे ९० मिलिग्रॅम तांबं, ३६० मिलिग्रॅम जस्त आणि ९ ग्रॅम सोडियम लागतं. सोडियमचा हिशेब मिठात केला तर २३ ग्रॅमच्या आसपास. घाम गाळला की त्याहून जास्त. बायोटिन २० मिलिग्रॅम सांगितलं होतं. ई जीवनसत्त्वाचं प्रमाण रक्ताचा अहवाल बघून वैद्यांनी ठरवलं.

कागदावर हे सगळं सुटसुटीत होतं. घमेल्यात नव्हतं.

घोड्याचा वरचा ओठ हा काय प्रकार आहे, ते अशा जनावराला चंदी घातल्याशिवाय कळत नाही. जुई ओटचे दाणे एकेक करून उचलायची, लसूणघासाच्या गोळ्या उचलायची, आणि शेवटी तळाला पावडरीचा थर तेवढा उरायचा, अगदी चाळणीने चाळल्यासारखा. घोड्याला स्वतःच्या तोंडाखालचं दिसत नाही. नाकाच्या बरोबर खाली त्याच्या नजरेचा अंधारा कोपरा असतो. म्हणून समोर काय आहे हे तो ओठांनी आणि ओठांभोवतीच्या राठ, लांब मिशांनी चाचपतो. या मिशा शोभेसाठी कापायची पद्धत होती. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने जुलै २०२१ पासून तशा कापलेल्या घोड्यांना स्पर्धेत मज्जाव केला, ते योग्यच झालं.

पशुवैद्य आले आणि त्यांनी पहिल्यांदा पावडरींबद्दल काही बोलायचंच नाकारलं. "गवत खाते, चंदी टाकते. हे नखरे आहेत की दुखणं, ते आधी बघू," म्हणाले. पोटात व्रण असले तर पुष्कळ घोडे नेमकं असंच वागतात. गवत चालतं, दाणा नको होतो. आणि दात दुखत असले तरी दाणा चावणं जिवावर येतं. घोड्याचे दात जन्मभर वर सरकत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चावताना झिजत राहतात. झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडेला धार येते, ती गालाला आणि जिभेला कापते. जुईच्या दाढांना धार होतीच. ती कानशीने घासून घेतली.

पोटाची दुर्बीण जास्त कटकटीची. नळी तीन मीटर लांब, आणि जठर रिकामं हवं म्हणून आदल्या संध्याकाळपासून गवत बंद. ती रात्र जुईने पाय आपटून आणि दाराला लाथा मारून काढली. आमचे मोतद्दार मामाही तिच्यासोबत जागे राहिले. सकाळी जठर स्वच्छ दिसलं. दुखणं नव्हतं, आवडनिवडच होती. ज्यांचा घोडा अचानक चंदी टाकायला लागलाय, त्यांनी चवीचे प्रयोग करण्याआधी ही दोन दारं बंद करून घ्यावीत. तपासण्यांचा खर्च आणि त्रास दोन्ही झाले, पण त्यानंतर मी निर्धास्तपणे तिच्याशी हट्टाला हट्ट लावू शकले.

आता हट्ट कसा लावायचा, याबद्दल तबेल्यात प्रत्येकाचं मत तयार होतं.

"ताई, एक दिवस काही देऊ नका. भूक लागली की दगडसुद्धा खाईल," हे मामांचं. मामांचा हात घोड्यांवर फार चांगला आहे आणि खरारा करताना त्यांच्यासमोर जुई डोळे मिटून उभी राहते, पण हे मी ऐकलं नाही. घोड्याचं जठर लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, खाणं असो वा नसो. त्या आम्लाला उतारा म्हणजे लाळ, आणि लाळ सुटते फक्त चावताना. पोट रिकामं ठेवून घोड्याला वठणीवर आणायला जावं तर आज नसलेले व्रण उद्या होतील. गवत कधीही बंद करायचं नाही, हे मी मामांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी ते पाळलं.

दुसरं मत काकवीचं. काकवी ओतली की काहीही खपतं, हे खरं आहे. पण मग काकवीशिवाय काहीच खपत नाही. आणि ज्या घोड्याच्या शरीरात इन्सुलिनचं गणित बिघडलेलं असतं, त्याच्या खुरांना साखरेने इजा होऊ शकते, तीही कायमची. जुईची मान जाड आहे, आयाळीखाली चरबीचा उंचवटा आहे, त्यामुळे तिच्या बाबतीत मी साखरेच्या वाटेला गेले नाही. तिसरं मत गव्हाच्या कोंड्याचं. ओला कोंडा घोडे आवडीने खातात. त्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या दसपट असतो, रोज भरपूर दिला तर शरीर हाडांतलं कॅल्शियम उपसायला लागतं. कधीमधी मूठभर ठीक, रोजचा आधार म्हणून नाही. आणि एकाने तर गाईगुरांचं गोळीखाद्य मिसळायला सांगितलं, त्याला चांगला वास येतो म्हणून. याला मात्र मी फटकन 'नाही' म्हटलं. गुरांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गुरांना ते चालतं, घोड्याच्या हृदयाचा ते घात करतं.

मी केलं ते असं. चारही पावडरी बंद केल्या आणि नुसती चंदी चालू ठेवली, ती निःशंक होऊन घमेलं चाटून पुसून खाईपर्यंत. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि तो टाळायचा मोह फार होतो. पण वास म्हणजे धोका हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. काही न मिसळलेल्या चंदीकडेही ती संशयाने बघायची. घमेलीसुद्धा बदलली, कारण जुन्या प्लास्टिकला वास धरला होता.

मग दोन घमेली शेजारी शेजारी ठेवायला लागले. एकात नुसती चंदी, दुसऱ्यात तीच चंदी आणि एकाच पूरकाची चिमूट. ती आधी कुठे तोंड घालते, कुठे परत येते, काय उरतं, एवढंच बघायचं. यात एक गोम आहे. घोड्यांना बाजूची सवय असते, जुई आधी डावीकडेच जाते. म्हणून घमेल्यांची अदलाबदल करून तीच परीक्षा पुन्हा घ्यायची, नाहीतर आपण चव मोजतोय असं वाटतं आणि मोजत असतो सवय.

माझा संशय तांब्या-जस्तावर होता. त्या डब्याचं झाकण उघडलं की माझ्याच जिभेवर धातूची चव यायची. तो संशय अर्धाच खरा निघाला. तांबं-जस्त तिला नको होतं, पण थोडं असलं तर नाक मुरडत का होईना खायची. ज्या घमेल्याला तिने ओठही लावला नाही, ते बायोटिनचं होतं. आणि बायोटिनला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच. डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली तेव्हा उलगडा झाला: उत्पादकाने त्यात सफरचंदाचा कृत्रिम स्वाद घातला होता, घोड्यांना आवडावं म्हणून. जुई खरं सफरचंद हातातून हिसकावून घेते. पण त्या पावडरीचा वास सफरचंदाचा नव्हताच, गोळ्या-चॉकलेटांचा होता, आणि तो ज्याच्यात मिसळेल त्याला व्यापून टाकत होता. बाकी तीन पूरकांवर तिचा जो राग होता, त्यातला बराचसा या एका डब्यामुळे होता.

बिनस्वादाचं बायोटिन आणलं. तिने ते पहिल्या दिवशी खाल्लं, काहीच झालं नसल्यासारखं.

डबे वाचायला बसलेच होते म्हणून सगळेच वाचले. तांब्या-जस्ताच्या मिश्रणात सेलेनियम नावाचं खनिज होतं, आणि ई जीवनसत्त्वाच्या पावडरीतही सेलेनियम होतं. ई आणि सेलेनियम एकत्र विकण्याची पद्धतच आहे. सेलेनियमची गरज दिवसाला एखाद-दोन मिलिग्रॅमची, आणि पुरेसं आणि विषारी यांच्यात अंतर थोडं. दोन-तीन पूरकं चालू असतील तर प्रत्येक डब्यावरचा सेलेनियमचा आकडा कागदावर मांडून बेरीज करावी, हे मी आता भेटेल त्याला सांगते. आम्ही ई जीवनसत्त्व नुसतं, सेलेनियमशिवायचं घेतलं, तेही तेलातलं. ई तेलात विरघळतं, घोड्याच्या अंगी ते तेलासोबत जास्त चांगलं लागतं. आणि तेलाचा दुसरा उपयोग असा की बाकीच्या पावडरी दाण्याला चिकटून राहतात. ओठांची चाळणी तिथे हरते.

तांब्या-जस्ताचं काम सगळ्यात चिवट. आधीचं मिश्रण सल्फेटच्या रूपातलं होतं, ते तुरट आणि उग्र लागतं. त्याऐवजी अमिनो आम्लाला बांधलेल्या रूपातलं मिळतं, ते सौम्य असतं पण महाग. ते घेतलं. सुरुवात सुरीच्या टोकावर राहील एवढ्यापासून केली. ती घमेलं रिकामं करतेय तोवर तेवढंच. मग किंचित जास्त. जिथे ती थबकली तिथे एक पायरी मागे. पूर्ण मात्रेला पोचायला आठवडे लागले, आणि त्या काळात मात्रा अपुरी जातेय म्हणून मला चुटपुट लागायची. वैद्य म्हणाले, ही कमतरता महिन्यांनी साचलेली आहे, ती आठवड्यांनी भरली तरी चालेल. औषधाचं मात्र असं करता येत नाही. ज्याची मात्रा वेळेवर आणि पूर्ण जायलाच हवी, ते चंदीत मिसळून नशिबावर सोडू नये. ते पिचकारीने द्यावं, तोंडाच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात त्या फटीतून, जिभेच्या मागच्या भागावर. जुईला त्याची सवय लागावी म्हणून मी अधूनमधून त्याच पिचकारीतून नुसता सफरचंदाचा गर देते. खरा.

वास झाकण्यासाठी मी मेथी वापरली. ही कल्पना माझी नव्हे. २००५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी घोड्यांना पंधरा स्वाद देऊन बघितले होते, आणि आवडीत मेथीचा नंबर पहिला आला, केळ्याचा दुसरा. जिरं आणि ओव्यासारख्या वासाचा ओरेगॅनोही वरच्या आठांत होते. पेपरमिंट, ज्याच्या गोळ्या घोडेवाले खिशात घेऊन फिरतात, त्याचा नंबर गाजराच्याही खाली होता. हे वाचून मला खूप आनंद झाला होता, का ते सांगता येणार नाही. मेथीदाण्याची पूड चमचाभर, चंदी कोमट पाण्याने ओलसर केल्यावर त्यावर. आधी पाणी, मग तेल, मग पावडरी, मग नीट कालवणं, शेवटी वरून मेथी, म्हणजे नाकाला पहिल्यांदा तीच लागते. साखर काढलेला बीटचा चोथा भिजवून त्यात घातला तर पावडर आणखी चांगली मुरते. पण कालवलेलं लगेच द्यायचं. गरम हवेत ओली चंदी तासा-दोन तासांत आंबूस होते, आणि घोड्याला तो वास आपल्या आधी कळतो.

त्यावरून आठवलं. सगळं सुरळीत चाललं असताना मधेच एकदा जुईने खाणं सोडलं. मी पुन्हा तांब्या-जस्ताकडे बोट दाखवायच्या बेतात होते, पण मामांनी चंदीत घालायच्या जवसाच्या पुडीचा डबा नाकाला लावला आणि माझ्यापुढे धरला. खवट. दळलेलं जवस उष्म्यात लवकर खराब होतं. डबा फेकला, जवस थोडं थोडं दळून आणायला लागलो, घोडी खायला लागली. मामा त्या दिवसापासून रोज प्रत्येक डबा हुंगून मगच चमचा घालतात.

मीठ सोपं गेलं. मिठाची वीट गव्हाणीशी टांगलेली होती, पण घोड्याची जीभ गाईसारखी खरखरीत नसते, चाटून चाटून पुरेसं मीठ पोटात जाईलच याची खात्री नाही. चंदीत सगळं मीठ एकदम घातलं की ती मागे सरायची. मग अर्धं चंदीत, दोन वेळांना विभागून, आणि बाकीचं सुटं मीठ वेगळ्या वाडग्यात तिच्या मर्जीवर. काम झालेल्या दिवशी वाडगा लवकर रिकामा होतो. जवळ स्वच्छ पाणी भरपूर हवं, हे सांगायला नकोच.

पूरकांपेक्षा जागेचा फरक किती पडतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. जुईच्या शेजारची घोडी तिच्यावर दादागिरी करते. दोघींच्या मध्ये नुसते दांडे होते तेव्हा चंदीच्या वेळी जुई एक कान सतत तिकडे ठेवून, दोन घास खाऊन, सरकून उभी राहायची. मध्ये फळी ठोकली. घमेलं पसरट घेतलं आणि जमिनीवर ठेवलं, कारण मान खाली असताना घोड्याचा जबडा नीट जुळतो आणि पसरट घमेल्यात डोळे काठाच्या वर राहतात. जी घोडी आजूबाजूला बघू शकते ती घाई करत नाही, आणि घाई नसली की तळाशी जाते.

नव्याने रक्त तपासलं तेव्हा ई जीवनसत्त्व ठीक पातळीला आलेलं होतं. खुरांना वेळ लागतो. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतं, वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवं खूर यायला नऊ महिने ते वर्ष जातं. जुईच्या पुढच्या खुरांवर एक आडवी रेघ दिसते. तिच्या वरचा भाग गुळगुळीत, खालचा अजून चिरांचा. यात बायोटिन किती, तांबं-जस्त किती आणि नालबंदाने नाल थोड्या लवकर बदलायला सुरुवात केली त्याचं श्रेय किती, हे वेगळं काढता येत नाही. नालबंद अर्थातच सगळं श्रेय घेतो.

मॅग्नेशियमचं तेवढं जमलं नाही. ते पाचवं पूरक कुणीतरी 'घोडी शांत होईल' म्हणून सुचवलं होतं. दोन घमेल्यांच्या परीक्षेत जुईने त्या घमेल्याकडे पाठ फिरवली. सौम्य रूप, मेथी, तेल, सगळं करून झालं. मग गवताचा अहवाल पुन्हा काढला, तर मॅग्नेशियम त्यात पुरेसं होतं. डबा अजून तबेल्याच्या फळीवर आहे. कुणाच्या गवतात ते खरोखर कमी असेल आणि घोडा खात असेल, तर येऊन घेऊन जावा.